रूळ आधी, मतपेटी नंतर

२०२३ च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये जुन्या दप्तरांचे गठ्ठे एकाएकी खाली उतरू लागले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदी हव्या होत्या आणि त्या होत्या निजामाच्या काळातल्या. कुठे उर्दू, कुठे मोडी. ती वाचणारी माणसं शोधून आणावी लागली, समिती थेट हैदराबादलाही जाऊन आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटिअर आधाराला घेऊन शासन निर्णय काढला आणि ज्या संस्थानाचा कारभार १९४८ मध्ये संपला, त्याच्या कागदांवर गावोगावच्या पारांवर चर्चा रंगल्या.

हे कागद पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. माणूस कोण, जात कोणती, जमीन किती, पीक कोणतं, सारा किती, हे सगळं त्या सरकारने लिहून ठेवलं होतं. राज्य कसं चालावं याबद्दल त्या माणसाचं म्हणणं काय, हा रकाना मात्र त्यात नव्हता. माणसं मोजायची, पण विचारायचं नाही, असा तो कारभार होता. आधुनिक होऊ पाहणाऱ्या अनेक राजवटींनी हाच रस्ता धरला. त्यातली सगळ्यात गाजलेली कहाणी तुर्कस्तानची. तिच्याशी मराठवाड्याचे धागे मात्र वाटतात त्यापेक्षा बरेच जवळून जुळलेले आहेत.

आज हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात असलेलं शिरड शहापूर हे औंढा-वसमत रस्त्यावरचं गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे. निजामाच्या काळी हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता; हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. अशा आडबाजूच्या भागात नवं जग कोणत्या वाटेने शिरलं? पहिली वाट लष्कराची होती. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी पडली. फौज नावाला निजामाची, तिचे अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. तो खर्च थकत गेला, कर्ज फुगलं आणि १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला.

त्याच वर्षी हैदराबादची दिवाणगिरी चोवीस वर्षांच्या सालारजंगाकडे आली. पुढची तीस वर्षं, १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, या माणसाने दौलतीचा गाडा नव्याने बांधला. सारा वसुलीचे मक्ते बंद केले, पगारी अधिकारी नेमले, जिल्हे आणि तालुके आखले, त्याला जिलाबंदी म्हणत. न्यायालयं आणि पोलीस यांची घडी बसवली. उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अंमलदार बोलावले आणि त्यातूनच मुल्की (स्थानिक) आणि गैरमुल्की (बाहेरचे) हा वाद जन्माला आला, जो १९५२ नंतरही धुमसत राहिला.

इस्तंबूलमध्ये याच सुमारास असाच खटाटोप चालू होता. १८३९ च्या गुलहाने फर्मानापासून उस्मानी सुलतानांनी सुधारणांचा सपाटा लावला होता, त्या पर्वाला तंझिमात म्हणतात. नवी फौज, नवे कायदे, नव्या शाळा, जिल्हावार कारभार. सगळं वरून खाली. तिथेही कर्ज उरावर बसलं. १८७५ मध्ये साम्राज्याला हप्ते फेडता आले नाहीत आणि १८८१ मध्ये युरोपीय सावकारांच्या प्रतिनिधींनी महसुलाचा मोठा हिस्सा स्वतः वसूल करायला सुरुवात केली. मिधत पाशासारख्या सुधारकांनी १८७६ मध्ये राज्यघटना आणि संसद मिळवली खरी, पण दुसरा अब्दुल हमीद या सुलतानाने १८७८ मध्ये संसद बंद केली. ती पुन्हा भरली तीस वर्षांनी, १९०८ मध्ये, तरुण तुर्कांच्या उठावानंतर. मधल्या काळात सुलतानाने रेल्वे टाकली, तारा ओढल्या, शाळा काढल्या. म्हणजे सुधारणा थांबल्या नव्हत्या. त्यांत प्रजेला बोलायची सोय तेवढी नव्हती.

हैदराबादच्या प्रजेने तोंड उघडलं ते नेमकं रेल्वेवरून. वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला होता. १८८३ मध्ये तो चांद्याकडे वाढवण्याची योजना निघाली. तिच्या अटी काय, पैसा कोणाचा, फायदा कोणाचा, हे लोकांना कळलं पाहिजे, असा आग्रह शहरातल्या काही शिकलेल्या मंडळींनी धरला. त्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, आणि मुल्ला अब्दुल कय्यूम पुढे होते. सरकारने चट्टोपाध्यायांना संस्थानाबाहेर घालवलं. मागितला होता केवळ हिशेब. हैदराबादच्या आधुनिक राजकारणाची सुरुवात या प्रसंगापासून मानतात.

पुढे मनमाड-सिकंदराबाद मार्ग औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेडवरून गेला आणि १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली फाटा झाला. वसमतला स्टेशन आलं. कापूस आणि धान्य या रुळांवरून गेलं, तशी माणसंही गेली आणि वर्तमानपत्रंही आली.

रूळ येण्याआधीच याच भागातून एक मुलगा शिकायला बाहेर पडला होता. केशवराव कोरटकर, जन्म १८६७, गाव पुरजळ, तेव्हाचा वसमत तालुका. गुलबर्ग्याला त्यांनी वकिली केली, मग ते हैदराबादला गेले आणि शेवटी तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सालारजंगाने न्यायालयं उभी केली नसती तर पुरजळच्या मुलाला ही शिडी मिळाली नसती. केशवरावांनी मात्र त्या शिडीचा उपयोग केवळ स्वतः वर चढण्यासाठी केला नाही. १९०७ मध्ये हैदराबादेत विवेक वर्धिनी शाळा उभी राहिली, तिच्यामागे ते होते. त्याच वर्षी गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघालं, १९१५ मध्ये औरंगाबादला सरस्वती भुवन, १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा. संस्थानात राजकीय सभा घेणं अवघड होतं, म्हणून राजकारण शाळेच्या पडवीत वाढलं. आर्य समाज, गणेशोत्सव, ग्रंथालयं या सगळ्यांना सरकार संशयाने पाहत असे आणि सरकारचा संशय अगदीच अनाठायी नव्हता.

संशयाला कायद्याचं रूप दिलं गश्ती निशाण ५३ ने. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. परवानगीशिवाय सभा भरवायची नाही, असा त्याचा अर्थ. अशा निर्बंधांवर हैदराबादकरांनी काढलेला तोडगा असा की संस्थानाच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरवायच्या. १९२३ मध्ये काकिनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला, १९३१ मध्ये अकोल्याला. आपल्या राज्याच्या कारभाराविषयी बोलण्यासाठी प्रतिनिधींना हद्द ओलांडून जावं लागे. वृत्तपत्रांचंही तेच. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून निघे.

विरोधाभास असा की याच वर्षांत हैदराबाद संस्थान हिंदुस्थानातल्या पुढारलेल्या संस्थानांत गणलं जात होतं. १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत उस्मानिया विद्यापीठ निघालं (१९१८), उच्च न्यायालयाची देखणी इमारत झाली, उस्मानिया रुग्णालय आलं, निजामसागर धरण बांधून झालं. न्यायखातं महसुलापासून वेगळं करण्याचा निर्णय ब्रिटिश मुलखाच्याही आधी इथे झाला. संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, स्वतःची रेल्वे आणि हाली सिक्का म्हणून ओळखलं जाणारं स्वतःचं चलन.

उस्मानियाचा प्रयोग तर धाडसाचाच होता: इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण, त्यासाठी शेकडो ग्रंथांची भाषांतरं. फक्त ती देशी भाषा उर्दू होती. संस्थानात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे. वसमतच्या किंवा औंढ्याच्या पोराने घरात मराठी बोलायचं आणि वरच्या इयत्तांत भूगोल, गणित, इतिहास उर्दूतून शिकायचं. शहरातल्या चकचकीत इमारती आणि खेड्यातलं अज्ञान यांतलं अंतर किती होतं हे १९५१ च्या जनगणनेने सांगितलं. हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसंही साक्षर नव्हती.

तिकडे तुर्कस्तानात केमाल पाशाने भाषेचा प्रश्न याच्या उलट टोकाला नेला. १९२३ च्या २९ ऑक्टोबरला तुर्की प्रजासत्ताक जाहीर झालं. त्यापाठोपाठ फेज टोपीवर बंदी (१९२५), स्वित्झर्लंडच्या धर्तीवरचा दिवाणी कायदा (१९२६) आणि १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन वळणाची नवी लिपी. केमाल स्वतः खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला, त्याची छायाचित्रं जगभर गेली. १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. पण मत द्यायचं कोणाला? पक्ष एकच होता. १९२४ मध्ये निघालेला विरोधी पक्ष १९२५ च्या कुर्दी उठावाचं निमित्त होऊन बंद झाला. १९३० मध्ये केमालनेच आपल्या मित्राला, फेथी ओक्यारला, विरोधी पक्ष काढायला लावलं. सभांना अफाट गर्दी लोटू लागली, तेव्हा सत्ताधारी हादरले आणि जेमतेम शंभर दिवसांत तोही पक्ष गुंडाळला गेला. लोकांना आधुनिक करायचं, पण लोकांवर सोपवायचं नाही, ही गोम तिथेही होती.

नव्या तुर्कस्तानने जुनं म्हणून जे टाकलं, त्यातला एक मोठा ऐवज हैदराबादला आला. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि अखेरचा खलिफा अब्दुल मजीद याला रातोरात देशाबाहेर पाठवलं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नीस शहरात, हद्दपारीत दिवस काढणाऱ्या या खलिफाला निजामाने महिना ३०० पौंडांचा तनखा सुरू केला. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्येच दोन लग्नं लागली. निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याचं खलिफाची मुलगी दुर्रुशेहवारशी आणि धाकटा मुअज्जम जाह याचं खलिफाच्या घराण्यातल्या निलोफरशी. दोघी सुना पडद्याबाहेर वावरल्या, त्यांच्या नावाची रुग्णालयं हैदराबादेत आजही चालतात.

या सोयरिकीचा एक दगडी पुरावा मराठवाड्यात उभा आहे. खलिफाच्या दफनासाठी खुलदाबादजवळ तुर्की धाटणीची वास्तू बांधली गेली. अब्दुल मजीद १९४४ मध्ये पॅरिसला वारला. त्याचा देह दहा वर्षं तिथल्या मशिदीत राहिला आणि १९५४ मध्ये मदिनेत दफन झाला. खुलदाबादची वास्तू रिकामीच राहिली.

प्रजासत्ताकाने ज्या घराण्याला हाकललं, त्याच्याशी नातं जोडून निजाम आपली प्रतिष्ठा वाढवत होता. त्याच दशकात त्याची प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती. जून १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गोविंदराव नानल. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ७ सप्टेंबर १९३८ रोजी. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, पहिल्या तुकडीचे नेते पुन्हा नानलच. नोव्हेंबरमध्ये वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्याला मनाई झाली, तेव्हा औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातले आणि उस्मानिया विद्यापीठातले विद्यार्थी बाहेर पडले. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतलं. त्यांतले एक पी. व्ही. नरसिंह राव. निजामाने काढलेल्या विद्यापीठानेच निजामाला आव्हान देणारी पिढी घडवली, हे अब्दुल हमीदच्या लष्करी शाळांतून तरुण तुर्क निघाले त्यासारखंच झालं.

सरकारनेही काहीच दिलं नाही असं नाही. अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत प्रतिनिधी गावांचे किंवा तालुक्यांचे नव्हते. जहागीरदार, व्यापारी, वकील, शेतकरी अशा हितसंबंधांचे होते. या कायदेमंडळाच्या निवडणुकीवर १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला.

तोवर चळवळीची सूत्रं स्वामी रामानंद तीर्थांकडे आली होती. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक, नंतर अंबाजोगाईला शिक्षक. संन्याशाच्या वेशातला हा माणूस कामगार चळवळीतून आलेला होता आणि त्याच्याभोवती गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे समाजवादी विचारांचे तरुण होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली.

पुढचं वर्ष सरहद्दीवर घडलं. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. तिथून कार्यकर्ते निजामी हद्दीत उतरत, करोडगिरीचे नाके जाळत. करोडगिरी म्हणजे जकात: नदीच्या अल्याड-पल्याड एकाच जत्रेला जाणाऱ्या, एकमेकांत सोयरिकी करणाऱ्या गावांमध्ये हा नाका उभा असे आणि धान्याच्या पोत्यापासून कापडाच्या ताग्यापर्यंत सगळ्याची झडती होई. शेतकऱ्याला संस्थान म्हणजे काय हे या नाक्यावर आणि लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, कळत होतं. शिंदीची झाडं तोडण्याचा जंगल सत्याग्रहही त्यासाठीच, सरकारचं अबकारी उत्पन्न बुडवण्याचा. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि चळवळीला सुमारे वीस लाख रुपये मिळाले. वसमतचं बहिर्जी स्मारक महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालतं ते बहिर्जी शिंदे याच लढ्यातले हुतात्मा.

लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवक, गावं जाळत होते. त्यांच्या दहशतीला मुसलमानही अपवाद नव्हते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू लिहिली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत उलट्या दिशेने सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशकं दडवलेला राहिला. १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

१९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला आणि १९५२ च्या आरंभी हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठी मतदान झालं. प्रौढ स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर, सगळे मतदार. दहा टक्के साक्षरतेच्या राज्यात हे एका दमात झालं. बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात विनायकराव विद्यालंकार होते, पुरजळच्या केशवरावांचे चिरंजीव. निजाम राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत राहिला, सही करण्यापुरता.

तुर्कस्तानला हा टप्पा दोन वर्षं आधी, १४ मे १९५० रोजी, आला. चार वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत मतदान उघड आणि मोजणी गुप्त होती! या वेळी मतदान गुप्त, मोजणी उघड आणि देखरेख न्यायाधीशांची. ‘पुरे झालं, आता बोलेल जनता’ अशी घोषणा देणारा डेमोक्रॅट पक्ष दणदणीत जिंकला, सत्ताधारी इनोनू शांतपणे पायउतार झाला. पण जिंकलेल्या अदनान मेंदेरेसने विरोधकांची आणि पत्रकारांची गळचेपी सुरू केली. २७ मे १९६० रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि १७ सप्टेंबर १९६१ रोजी, मराठवाडा जी तारीख मुक्तिदिन म्हणून पाळतो त्याच तारखेला, माजी पंतप्रधान मेंदेरेसला फाशी दिलं. आधुनिकतेचे राखणदार आपणच, असं मानणाऱ्या फौजेने १९७१ मध्ये सरकार पाडलं, १९८० मध्ये पुन्हा सत्ता बळकावली. २०१६ चा कट फसला, आणि त्यानंतर २०१७ च्या सार्वमताने सगळे अधिकार राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या हाती एकवटले. २०१९ मध्ये इस्तंबूलच्या महापौरपदाची निवडणूक विरोधी पक्षाचे एक्रेम इमामओलू सुमारे १३ हजार मतांनी जिंकले. ती रद्द झाली, फेरनिवडणुकीत आठ लाखांवर मतांनी ते पुन्हा जिंकले. मार्च २०२५ मध्ये त्यांना अटक झाली.

मराठवाड्यात मतपेटीच्या आड फौज कधी आली नाही. इथली परीक्षा वेगळी होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, तेव्हा दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतली खेडी त्यात होरपळली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. सोळा वर्षांत लोकनियुक्त सरकारं आली नि गेली. मताची पेटी गावात आली म्हणजे गावातला प्रत्येक जण बरोबरीने गावकरी झाला, असं नव्हतं.

आणि मतपेटी आली तरी ती वेळच्या वेळी येईलच असंही नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा तिढा न्यायालयात अडकला, कारभार प्रशासकांकडे गेला आणि लांबतच राहिला. शाळाखोल्यांची दुरुस्ती, पाणीपुरवठ्याची योजना, रस्त्याचं काम यांचे निर्णय सदस्यांऐवजी अधिकाऱ्यांच्या सहीने होऊ लागले. कामं काही अडून राहिली नाहीत. काही ठिकाणी ती पूर्वीपेक्षा लवकर झाली, असं सांगणारेही भेटतात. तीन वर्षांहून अधिक काळ असा गेल्यावर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितलं. त्या चार महिन्यांतही त्या पार पडल्या नाहीत, मुदत वाढवून घ्यावी लागली.